मार्चअखेरची मुदत

माझ्या कामाला भोपाळात नाव नाही. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा शेजारच्या शर्मा भाभी आल्यागेल्याला सांगायच्या, "दीदी दफ्तर से आके फिर कंप्यूटर पे बैठ जाती हैं. विदेश का कुछ काम है." विदेश म्हटलं की पाहुणे जरा सावरून बसायचे. मग कुणीतरी विचारायचं की यातून मिळतं काय, आणि मी "काही नाही" म्हटलं की पुन्हा पाय पसरून बसायचे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं, कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये आले, तरी इथेही तोच प्रकार आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या संपादकबाईंनी मात्र थेट विचारलं, "तुम्ही नक्की करता तरी काय?" म्हणून लिहायला बसले. आठवत गेलं ते फारसं मिरवण्यासारखं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझे वडील १९५६ साली मध्य प्रदेशच्या राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. म्हणजे ऑफिसं हलली, फायली हलल्या आणि फायलींबरोबर कारकून हलले, त्यातले ते एक. मी इथेच शिकले आणि एका सरकारी खात्याच्या नकाशा शाखेत सहायक अभियंता म्हणून लागले. काही वर्षांनी शाखेत कॉम्प्युटर आले, ते नकाशे काढायच्या एका परवानावाल्या सॉफ्टवेअरसकट. परवाना दरवर्षी नवा करून घ्यायचा असे. एका वर्षी तो कागद कुठल्या तरी टेबलावर अडकला आणि आमची सगळी शाखा दीड महिना हातावर हात धरून बसली. त्या दीड महिन्यात मी शोधाशोध करून एक मुक्त सॉफ्टवेअर आणून बसवलं.

मुक्त म्हणजे ज्याची आतली सगळी रचना उघडी असते. कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं, दुरुस्ती परत पाठवावी. जगातली दहा-पंधरा माणसं ते सांभाळत होती. एकमेकांना कधी न भेटता, नुसत्या पत्रव्यवहारावर. मी त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवली. ती त्यांनी स्वीकारली. मग दुसरी पाठवली, तिसरी पाठवली, आणि असं करता करता त्यातला एक कप्पा माझ्याच गळ्यात पडला. त्या सॉफ्टवेअरला आमच्या शाखेत सगळे 'पाटी' म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते.

माझा कप्पा आज्ञांचा. रेघ माउसनेही काढता येते, पण शंभर नकाशे एकाच नियमाने काढायचे असतील तर माउसने हात मोडून येतो. त्यापेक्षा कॉम्प्युटरला लिहून सांगावं: इथून इथपर्यंत रेघ, या मध्याभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ. हे लिहायला एक भाषा लागते, आणि त्या भाषेतून पाटीला काय काय मागता येईल याची एक ठरलेली यादी लागते. बँकेतली खिडकी समजा. आतली माणसं बदलोत, कपाटं हलोत, बाहेरच्या माणसाला खिडकी जिथे काल होती तिथेच आज मिळाली पाहिजे आणि फॉर्म तोच चालला पाहिजे. खिडकी कुठे ठेवायची आणि फॉर्मवर काय विचारायचं, हे ठरवायचं काम माझं. गंमत अशी की हे काम उत्तम झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

बिघडलं तर मात्र येतं. सुरुवातीच्या काळात मी एकदा कोन मोजायचं एकक बदललं. गणिताला सोयीचं म्हणून अंशांऐवजी दुसरं माप आणलं, आणि मोठी शहाणी असल्यासारखी कुणाला न विचारता आणलं. पंधरा दिवसांनी दूरदेशीच्या एका सुताराचं पत्र आलं. तो पाटीवर स्टुलाचे आराखडे काढून लाकूड कापायचा. त्याने फक्त एक फोटो पाठवला होता. स्टुलाचे चारही पाय चार दिशांना, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे. खाली एक ओळ: "हे तुमच्याकडून की माझ्याकडून?" माझ्याकडून होतं. मी माफी मागितली, बदल मागे घेतला आणि त्या दिवसापासून नियमाची पक्की झाले.

नियम मीच लिहिले. कुठलाही बदल करायचा तर प्रस्ताव लेखी हवा. तो आमच्या पत्रयादीवर टाकायचा. पत्रयादी म्हणजे एक सामाईक पत्ता, तिथे पाठवलेलं पत्र सगळ्यांना जातं. सहा आठवडे वाट बघायची. हरकत आली तर चर्चा, न आली तर मंजूर. कुणीही माझ्या कानात येऊन सांगितलेलं धरायचं नाही. ब्राझीलमधल्या माझ्या या कामातल्या जोडीदाराला हे नियम इतके आवडले की त्याने ते बाकीच्या कप्प्यांनाही लावले. मला याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

आता खोलकुटेजींबद्दल. वर्ध्याकडचे, आमच्या शाखेतले मुख्य ड्राफ्ट्समन, माझ्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर हाताने लिहिलेली अक्षरं बघून नवी माणसं छापील समजायची. वयाने मोठे असले तरी हुद्द्याने मी वर, त्यामुळे मी खोलीत गेले की ते उठून उभे राहायचे. बसा म्हटलं तरी मी बसेपर्यंत बसायचे नाहीत. मॅडम म्हणायचे, आणि त्या मॅडममध्ये कधी सलगी नव्हती. पाटीची जुनी भाषा मीच त्यांना शिकवली. ती सगळी कंसांची भाषा. प्रत्येक आज्ञा कंसात, कंसात पुन्हा कंस, ओळीच्या शेवटी सहा-सात कंसांची शेपटी. तरुण पोरं ती बघून पळून जायची. खोलकुटेजींना मात्र ती फार आवडली.

"मॅडम, याच्यात एक चांगलं आहे," ते म्हणाले होते. "जे उघडलं ते बंद करावंच लागते. आपल्या फायलींसारखं नाही."

निवृत्त झाल्यावर ते कोटरा सुल्तानाबादच्या आपल्या घरी बसून एक काम करू लागले. शहरातल्या दृष्टिहीन मुलांच्या शाळेसाठी ते बोटांनी वाचायच्या आकृत्या काढायचे. शाळेकडे एक यंत्र होतं आणि एका खास जातीचा कागद. त्या कागदावर काळ्या शाईने जे छापाल ते गरम केलं की फुगून वर येतं. म्हणजे आकृती छापायची, यंत्रातून काढायची, की रेघा बोटाला लागतात. ऐकायला सोपं वाटतं, पण डोळ्यांसाठी काढलेली आकृती बोटांना कळत नाही. दोन रेघा फार जवळ आल्या तर बोटाला एकच वाटतात. कोनाचं नाव रेघेला चिकटलं तर ते नाव आहे की रेघेचाच तुकडा, समजत नाही. खोलकुटेजींनी याचे सगळे नियम स्वतः शोधले. जाड रेघ केव्हा, ठिपक्यांची केव्हा, दोन रेघांत किती मोकळी जागा. मग ते नियम कंसांच्या भाषेत बांधून ठेवले, म्हणजे प्रत्येक आकृती त्याच शिस्तीत निघेल आणि मुलांच्या बोटांना एकदा लागलेली सवय पुस्तकभर चालेल.

प्रत्येक आकृती ते स्वतः शाळेत घेऊन जात आणि रुबीना नावाच्या मुलीच्या हातात देत. ती तेव्हा नववीत असावी. नकाशा ज्याला वाचायचा त्यानेच तपासला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रुबीना बोट फिरवायची आणि सांगायची, "सर, ये कोना दब रहा है." मग ते घरी येऊन तो कोपरा मोकळा करायचे. एकदा त्यांनी मला फोन करून सांगितलं की ही मुलगी अकरावीला गणित घेऊ म्हणते, आणि शाळेत आजवर कुणी घेतलेलं नाही. मी म्हटलं छान. आणि फोन ठेवून माझ्या कामाला लागले.

माझं काम तेव्हा जोरात होतं, कारण कंसांची भाषा बदलायची वेळ आली होती. ती ज्याने बांधली तो केव्हाच सोडून गेला होता. आतलं कुणाला कळत नव्हतं, आणि प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर ती कुठे ना कुठे अडायची. मदतीला येणारी पोरं पायथन नावाची आजकालची भाषा शिकून येत. कंस बघितले की परत जात. यादीवर चार महिने वाद झाला. एकाचं म्हणणं, छोटी भाषा घ्या, मोठी घेतली तर तिचा पसारा आपल्याला सांभाळावा लागेल. पोलंडच्या एका गृहस्थांनी अकरा पानी पत्र लिहिलं, त्यातली नऊ पानं आयताच्या आज्ञेत आधी रुंदी यावी की उंची यावरच होती. मी ती सगळी वाचली आणि उत्तरही दिलं. कुणी म्हणालं दोन्ही भाषा ठेवू. त्याला मी ठाम विरोध केला. दोन भाषा म्हणजे प्रत्येक आज्ञा दोनदा लिहायची, दोनदा तपासायची, आणि या कप्प्यात तपासणारे आम्ही तिघंच.

शेवटी पायथन ठरलं. निवड बरोबर होती, आजही मी तीच करीन. हे मुद्दाम सांगते, कारण माझी चूक निवडीत आहे असं समजून कुणी मला सोडून देऊ नये.

चूक दुसरीकडे आहे. प्रस्तावाच्या नमुन्यात एक रकाना असतो: जुनी गोष्ट आज कोण वापरतं. तो भरायची आमची रीत अशी की नेटवर लोकांनी उघड ठेवलेले जे आराखडे आणि आज्ञा असतात, त्यांत शोध घ्यायचा. मी घेतला. कंसांच्या भाषेत लिहिलेलं, अलीकडचं असं काहीही सापडलं नाही. मी रकान्यात लिहिलं: वापर आढळला नाही. लिहिताना मला खोलकुटेजी आठवले नाहीत असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते आठवले होते. मला वाटलं, एक माणूस म्हणजे काही वापर नव्हे, आणि आपल्या ओळखीचा एक माणूस धरला तर मग नियम कशाला केले. कुणीतरी विचारलं की जुन्या आज्ञा नव्या भाषेत वळवून देणारा एखादा पूल बांधायचा का. मी उत्तर दिलं: गरज दिसली तर पुढे बघू.

त्याच दिवसांत पाटी उघडताना वर एक सूचना येऊ लागली की जुनी भाषा पुढच्या आवृत्तीत नसेल, हरकत असल्यास या पत्त्यावर कळवा. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत खोलकुटेजी माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, ती ब्रॅकेटवाली भाषा बंद होऊन राहिली का?"

"प्रस्ताव आहे तसा."

"मी म्हटलं आपल्याला थोडं सांगून ठेवावं. ते शाळेचं काम माझं जरा..."

"खोलकुटेजी," मी त्यांना तिथेच थांबवलं, "असं तोंडी नका सांगू. मी एकटी ठरवत नाही. सूचनेत पत्ता दिला आहे ना, त्यावर लिहून पाठवा. रीतसर नोंद होईल."

"लेखी द्यायचं म्हणता?"

"लेखीच द्यायचं."

"बरोबर आहे जी," ते म्हणाले. "लेखी देतो."

मागे प्रसाद घेणाऱ्यांची गर्दी होती आणि मला घरी जायचं होतं. तरी दोन मिनिटं बाजूला घेऊन 'काय अडतंय' एवढं विचारायला माझं काय जात होतं, हे मला आजही कळत नाही. मी तेव्हा स्वतःवर खूश होते. ओळखीच्या माणसालाही नियम लावला म्हणून.

सहा आठवडे झाले. यादीवर एकही हरकत आली नाही. खोलकुटेजींचंही पत्र नव्हतं. मला जरा रागच आला. लिहितो म्हणाले आणि लिहिलं नाही, आपली माणसं अशीच, असं मी घरात बोलूनही दाखवलं. मग यादीवर लिहिलं, हरकत नाही, प्रस्ताव मंजूर. डिसेंबरात नवी आवृत्ती निघाली. जगभरातून अभिनंदनाची पत्रं आली. वर्षभरात मदतीला एवढी नवी माणसं आली की मला त्यांची नावं लक्षात राहीनात.

पुढच्या गणपतीत खोलकुटेजी पुन्हा भेटले. मी सहज विचारलं, "शाळेचं काम कसं चाललंय?"

"आता नाही करत जी."

"का हो?"

"वय झालं," ते म्हणाले आणि हसले. मलाही ते पटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने वय झालं म्हटल्यावर कोण जास्त विचारतं. त्याच्या पुढच्या वर्षी तर आम्ही हवापाण्याचंच बोललो.

यंदा पावसाळ्यात आमची पत्रयादी एका जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवायची ठरली. यादीची राखण माझ्याकडे होती. जो यादीचा सभासद नाही त्याचं पत्र थेट सगळ्यांना जात नाही, आधी माझ्याकडे थांबतं. मी बघून सोडायचं किंवा टाकून द्यायचं. थांबलेल्या पत्रांत बहुतेक सगळा कचरा, गोळ्या-औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती. दर सोमवारी सकाळी चहा पिता पिता मी नुसत्या विषयांवरून नजर फिरवायची, सगळ्यांवर खूण करायची आणि एकदम टाकून द्यायची. दोन मिनिटांचं काम. पण टाकलेलंही जुना सर्व्हर एका बाजूला साठवून ठेवत होता, हे मला हलवाहलवीतच कळलं. ते कायमचं पुसण्याआधी एकदा बघून घ्या, असं हलवणाऱ्याने कळवलं.

नव्या सर्व्हरला देवनागरी नीट दिसते, जुन्याला दिसत नसे. त्या ढिगात एका पत्राचा विषय मला स्वच्छ मराठीत दिसला, आणि जुन्या सर्व्हरवर त्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसली असणार हेही कळलं. पत्र असं होतं:

"प्रति, मॅडम. विषय: जुनी भाषा मार्चअखेर चालू ठेवणेबाबत. महोदया, आपल्या तोंडी सूचनेनुसार लेखी सादर करतो की नवी भाषा आणण्यास माझी हरकत नाही. दहावीच्या भूमितीच्या एकवीस आकृत्या बाकी आहेत. परीक्षा मार्चमध्ये आहे. एक विद्यार्थिनी पुढे गणित घेऊ इच्छिते, तिला आकृत्यांवाचून अडचण होईल. तरी जुनी भाषा मार्चअखेर चालू ठेवावी ही विनंती. त्यानंतर बंद करण्यास हरकत नाही. आपला आज्ञाधारक."

खाली नाव, पूर्वीचा हुद्दा आणि कोटऱ्याचा पत्ता. खोलकुटेजींनी आयुष्यभर अर्ज हिंदीत लिहिले. हा मराठीत लिहिला, कारण वाचणारी मी आहे हे त्यांना ठाऊक होतं. सहा आठवड्यांतला चौथा आठवडा होता. मुदतीत होता अर्ज. मी तो परत परत वाचला. डिसेंबरऐवजी एप्रिलमध्ये आवृत्ती काढली असती तर जगात कुणाचं काही अडलं नसतं. आमच्या आवृत्त्या तशाही नेहमी उशिराच निघतात.

दुसऱ्या दिवशी छापील प्रत घेऊन मी कोटऱ्याला गेले. खोलकुटेजींचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मला बघून ते सवयीने उठले. मी बसले तेव्हा बसले.

"हा तुमचाच ना?"

त्यांनी कागद नकाशासारखा हातभर दूर धरला आणि वरपासून खालपर्यंत तपासला. "हो. माझाच आहे."

"हा मी वाचलाच नव्हता. आला होता माझ्याकडे. कचरा समजून टाकून दिला."

"असं," ते म्हणाले. "मला वाटलं नामंजूर झाला."

"नामंजूर असता तर कळवलं नसतं का मी?"

"आपल्याकडे कुठे कळवतात जी? उत्तर नाही आलं म्हणजे नामंजूर. छत्तीस वर्षं तसंच पाहिलं. मग एक दिवस मशीनच अपडेट मागू लागली, मी करून टाकलं. त्यानंतर एकही आकृती उघडेना. मी म्हटलं, ठीक आहे, वरून ठरलं असेल."

उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर, असं मी जगभरच्या माणसांना शिकवलं होतं. आणि ज्या शाखेत मी तीस वर्षं सह्या केल्या तिथे उत्तर न येण्याचा अर्थ काय होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते गप्प राहिले म्हणून मी होकार धरला, मी गप्प राहिले म्हणून त्यांनी नकार धरला. आणि दोन वर्षं आम्ही गणपतीत प्रसाद घेत राहिलो.

"पण मला विचारायचं तरी," मी म्हटलं. "दर वर्षी भेटत होतो की आपण."

"तोंडी नको म्हटलं होतं आपण," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग मी रुबीनाबद्दल विचारलं. ती दहावी पास झाली होती. परीक्षेत अशा मुलांना आकृतीच्या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न मिळतो, त्यामुळे पास होण्याला अडचण नव्हती. अकरावीला मात्र तिने गणित घेतलं नाही. आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि शनिवारी शाळेत येऊन लहान मुलांना ब्रेल शिकवते. "त्या आकृत्यांचा पेन ड्राइव्ह आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं. त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या डबीत ठेवलेला पेन ड्राइव्ह काढून दिला. डबीवर त्यांच्या त्या छापील अक्षरात लिहिलं होतं, भूमिती, अपूर्ण.

पूल बांधायला मला अकरा दिवस लागले. जुनी आज्ञा वाचायची आणि नव्या भाषेतली तीच आज्ञा चालवायची, यापलीकडे त्यात काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी 'गरज दिसली तर' म्हणून जे पुढे ढकललं ते हे अकरा दिवसांचं काम. बाराव्या दिवशी खोलकुटेजींची पहिली आकृती पडद्यावर उघडली, रेघ न् रेघ जागच्या जागी. मी ते घरात कुणाला बोलावून दाखवलं नाही. दाखवण्यासारखं काय होतं त्यात.

राहिलेल्या आकृत्यांसाठी मी दोन रविवार कोटऱ्याला जाऊन बसले. त्यांना आता पडद्याकडे फार वेळ बघवत नाही, म्हणून ते सांगायचे आणि मी टाइप करायची. एवढी जागा सोडा, इथे ठिपक्यांची रेघ, आता कंस बंद करा. एकवीसपैकी सात झाल्या. त्यातली पहिली त्यांनी वर्तुळाच्या धड्यातली निवडली. एका शनिवारी ती घेऊन आम्ही दोघं शाळेत गेलो, तिथल्या यंत्रातून काढली आणि कागद कोमट होता तोवरच रुबीनाच्या पुढे ठेवली.

"दसवीं वाली है, बेटा," खोलकुटेजी म्हणाले. "देर हो गई."

तिने डावा हात वर्तुळावर ठेवला आणि उजवा खालच्या सरळ रेघेवर. दोन्ही हात हळूहळू सरकत एकमेकांजवळ आले. जिथे रेघ वर्तुळाला लागते तिथे दोन्ही बोटं थांबली. तिने हात मागे नेले आणि पुन्हा तसेच आणले. पुन्हा तिथेच थांबली.

"बस एक ही जगह छूती है?"

"एक ही जगह," खोलकुटेजी म्हणाले.

"मेरेको लगता था थोड़ी दूर साथ चलती होगी," ती म्हणाली. "पूरा थ्योरम याद है मेरेको, सर. रट के लिख आई थी." तिचं बोट त्या जागेवरून हललं नव्हतं. मग तिने विचारलं, "ये उस टाइम नहीं बन सकती थी?"

खोलकुटेजी काहीतरी सावरून घेणार होते. ते बोलायच्या आधी मी म्हटलं, "बन सकती थी, बेटा. इन्होंने लिख के माँगा था. मैंने पढ़ा नहीं."